रोमन मराठी : आजची मोडी

मी वकिलीस सुरुवात केली त्या काळात सीमाभागातील जमिनीच्या दाव्यांमध्ये मोडी कागद हमखास निघत. जुने वाटणीपत्र, गहाणखत, सावकाराच्या वहीतील एखादी नोंद. न्यायाधीशांना मोडी येत नसे आणि बहुतेक वकिलांनाही येत नसे. मग मोडी जाणणारे एखादे निवृत्त कारकून किंवा शिक्षक बोलावले जात. ते कागदाचे बाळबोध लिप्यंतर करीत, त्याखाली सही करीत आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीलाही तोंड देत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्द एकमेकांना चिकटून येत. त्यामुळे एका ओळीचे दोन अर्थ लागू शकतात, हे सर्वांनी गृहीत धरलेले असे. लिपी अवघड आहे हे मान्य होते, म्हणूनच वाचनाची काळजी घेतली जात होती.

आता माझ्या टेबलावर मोडी कागद वर्षाकाठी एखादाच येतो. येतात ते मोबाइलच्या पडद्याचे छापील फोटो. उसनवारीचा दावा असो, घरभाड्याचा तंटा असो, नवराबायकोमधील पोटगीचे प्रकरण असो किंवा धमकीची फिर्याद असो, अशील फोन पुढे करतो आणि म्हणतो, ‘साहेब, सगळं व्हॉट्सॲपवर आहे.’ असते खरे. पण ते बहुधा मराठीत आणि रोमन लिपीत असते. ही लिपी सर्वांना वाचता येते असे सर्वांनाच वाटते. म्हणून ती वाचण्यासाठी जाणकार बोलावण्याची गरज कोणाला वाटत नाही. या एका समजुतीमुळे माणसे दावे हरू शकतात, हे सीमेपलीकडील मराठी बांधवांच्या ध्यानी आणून देण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम ६५ब घातले आणि संगणकातील नोंदीच्या छापील प्रतीला, ठरावीक प्रमाणपत्र जोडल्यास, पुराव्यात प्रवेश दिला. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच मत बराच काळ हेलकावे खात होते. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात त्याविना चालेल असे म्हटले गेले. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने ते मत रद्द ठरवले. २०१८ मध्ये पुन्हा सवलत मिळाली. अखेर १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रश्न निकाली काढला, आणि तो निकाल मराठी मुलखातील एका तंट्यातून आला. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले होते की नाही, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितीत होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते प्रकरण आज प्रत्येक वकिलाला तोंडपाठ आहे. त्यात तीन गोष्टी पक्क्या झाल्या. प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मूळ फोन किंवा संगणक त्याच्या मालकाने स्वतः न्यायालयात आणून शपथेवर सिद्ध केला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून तसा हुकूम मागता येतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यापूर्वीपासून प्रलंबित असलेली प्रकरणे मात्र जुन्या कायद्यानेच चालतात. नव्या कायद्यातील कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि नोंदीचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे त्या नोंदीचा आकड्या-अक्षरांतील ठसा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो.

इथपर्यंत सारे चोख आहे. परंतु हा ठसा काय सांगतो, याचा विचार करा. तो सांगतो की संदेशात फेरफार झालेला नाही. संदेशाचा अर्थ काय, हे तो सांगत नाही. ते काम भाषांतराचे, आणि त्या भाषांतराला मात्र असा कोणताही ठसा नसतो.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका दिवाणी न्यायालयात माझ्याकडे एक बचाव आला. ओळख पटू नये म्हणून तपशील आटोपशीर ठेवतो. एका लहान दुकानदाराने ओळखीच्या माणसाकडून हातउसने पैसे घेतले होते. त्यांतील मोठा हिस्सा रोख परत केला असे त्याचे म्हणणे. एक रुपयाही आला नाही असे वादीचे म्हणणे. पावती नव्हती. वादीने एक स्क्रीनशॉट दाखल केला. त्यात वादीचा प्रश्न, ‘पैशाचं काय?’ आणि माझ्या अशिलाचे दोन शब्दांचे उत्तर. त्यांतला पहिला शब्द रोमनमध्ये के, ए, एल अशा तीन अक्षरांचा आणि दुसरा ‘भावाकडे’. सोबतच्या कन्नड भाषांतरात पहिल्या शब्दासाठी ‘नाळे’ असे लिहिले होते, म्हणजे ‘उद्या’. अर्थ असा झाला की पैसे अद्याप दिलेले नाहीत, उद्या भावाकडे देतो असे आश्वासन प्रतिवादीने दिले आणि ते पाळले नाही. कर्जाची कबुली त्याच्याच शब्दांत!

माझ्या अशिलाने लिहिले होते ‘काल’. काल दिले, तुमच्या भावाकडे दिले. मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द गेलेल्या दिवसाचाच असतो. येणाऱ्या दिवसाला आपण ‘उद्या’ म्हणतो. हिंदीतील ‘कल’ मात्र दोन्ही दिवसांना चालतो. कन्नडमध्ये ‘निन्ने’ आणि ‘नाळे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे भाषांतरकाराला एक निवडावाच लागला. त्याला मराठी कामापुरती येत होती, हिंदी चांगली येत होती. त्याने हिंदी अर्थ घेतला. त्याच्या हेतूविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. देवनागरीतील एक काना रोमन लिपीत दिसेनासा झाला आणि त्याची जागा दुसऱ्या भाषेने घेतली, एवढेच घडले होते.

आम्ही दोन कलमांचा आधार घेतला. जुन्या कायद्याचे कलम ३९ (नव्यातील ३३) असे की विधान एखाद्या संभाषणाचा भाग असेल, तर त्याचा पूर्ण अर्थ कळण्यास जेवढा भाग आवश्यक, तेवढा पुराव्यात आला पाहिजे. जुने कलम ९८ (नव्यातील १०१) असे की न समजणारी अक्षरे, परकी किंवा स्थानिक शब्दप्रयोग, संक्षेप आणि विशिष्ट अर्थाने वापरलेले शब्द यांचा अर्थ दाखवण्यासाठी पुरावा देता येतो. हे दुसरे कलम आमच्या भागात क्वचितच कोणी उघडतो. वास्तविक ते जणू भाषिक अल्पसंख्याकांसाठीच लिहिले आहे.

अशिलाने फोन जपून ठेवला होता. तो न्यायालयात हजर केला आणि त्यातील मागचापुढचा सर्व संवाद दाखल केला. येणाऱ्या दिवसाबद्दल त्याने जिथे जिथे लिहिले होते, तिथे प्रत्येक वेळी ‘उद्या’ हाच शब्द होता. दोन दिवसांनंतरचा वादीचाच संदेश होता, ‘राहिलेले दिवाळीपर्यंत बघ.’ काहीच दिले नसेल तर राहिलेले कुठले? भाषांतरकाराला साक्षीस बोलावले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की त्याला फक्त तेवढा एकच फोटो दाखवला गेला होता आणि तो शब्द त्याने हिंदीप्रमाणे वाचला. दावा फक्त राहिलेल्या रकमेपुरता मंजूर झाला, आणि ती रक्कम अशिलाला मान्यच होती.

हा प्रश्न एकट्या बेळगावचा नाही. गुजरातीतही ‘काल’ दोन्ही दिवसांना चालतो, म्हणजे वडोदऱ्यात देवनागरीत नीट काना देऊन लिहिले तरी धोका उरतोच. हैदराबादेत दखनीचा ‘कल’ आहे. इंदूर-ग्वाल्हेरला लिपी एकच असल्याने धोका अधिक फसवा आहे. ‘मी चेष्टा केली’ हे मराठी वाक्य हिंदी वाचकाला ‘मी प्रयत्न केला’ असे दिसते. धमकीच्या फिर्यादीत थट्टेची कबुली क्षणात गुन्ह्याच्या प्रयत्नाची कबुली होते. ‘शिक्षा’ आपल्याकडे दंड, तिकडे शिक्षण. व्यवहारातील ‘येणे’ आणि ‘देणे’ घ्या. ‘तुमचे देणे आहे’ यात कर्ज आहे, आणि ‘तुमच्याकडून येणे आहे’ यात वसुली. शब्दशः भाषांतर करणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटतात. आणि ‘बघतो’ या आपल्या लाडक्या शब्दाचे काय सांगावे? त्यात होकार आहे, नम्र नकार आहे आणि ‘तुला बघतो’ म्हटले की धमकीही आहे.

म्हणून वाचकहो, काही गोष्टी सवयीने करा. तंटा उद्भवण्याची चिन्हे दिसताच फोन विकू नका, बदलू नका, संवाद पुसू नका. आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय व्यवहाराच्या संवादात बंद ठेवा. एकच सोयीचा फोटो वकिलाकडे नेऊ नका, संपूर्ण संवाद न्या; गैरसोयीचा भागही त्याला आधी कळू द्या. प्रमाणपत्राची तजवीज दावा दाखल करतानाच करा. समोरच्याने भाषांतर दाखल केले असेल, तर ते ज्या भाषेत आहे ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून ओळीनओळ मूळ संदेशाशी ताडून घ्या आणि चूक असेल तर हरकत पहिल्या संधीलाच लेखी नोंदवा. हरकतीविना निशाणी पडलेले भाषांतर पुढे वरच्या न्यायालयात हलवणे फार कठीण जाते. आणि न्यायालयाची भाषा टाळू नका. बेळगावच्या मराठी माणसाला आपला कागद कन्नडमध्ये कसा उतरला आहे हे कळणे, यात कमीपणा नाही. ते त्याच्या हक्काचे रक्षण आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. फोनमध्ये देवनागरी लिहिण्याची सोय फुकट मिळते. पैसा, जागा, मुले आणि नोकरी या चार विषयांवर लिहिताना ती वापरा, आणि क्रियापदासह पूर्ण वाक्य लिहा : ‘काल सायंकाळी तुमच्या भावाकडे साठ हजार रुपये रोख दिले.’ या वाक्यात ‘दिले’ आहे, म्हणून ते कोणत्याही भाषेत नेले तरी कालचा दिवस उद्यावर जाणार नाही. मातृभाषा जपा, असे आपण सभांमधून सांगतो. न्यायालयात मी त्याचा अगदी रोकडा अर्थ पाहिला आहे : आपली भाषा आपण जितकी नीट लिहू, तितकी ती दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोचेल.