आधी बुजवायचं, मग पाडायचं

जुन्या शिडाच्या होडीवर नवं सामान बसवायचं तर आधी जुनं उपटावं लागतं. दोर बांधायचे खुंट, कप्प्या, कठड्याचे पाय निघाले, की डेकची चाळण होते. डेकला वरखाली फायबरग्लास आणि मधे बाल्साचं लाकूड. वजनाला हलकं, पण एकदा ओल मुरली की कुजलंच. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर टोकाला काळा, आंबूस भुगा येतो.

हे काम जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये करण्यात एक गंमत आहे. गाव ओपेलचं. अ‍ॅडम ओपेलनं इथं १८६२ साली शिवणयंत्रं करायला घेतली, पुढे सायकली आल्या, १८९९ पासून मोटारी. इथं भोक कुठं आणि केवढं हे ड्रॉइंगवर ठरतं आणि हजारो पत्र्यांना तेच भोक पडतं. मीही दिवसभर तसल्याच ड्रॉइंगांत असतो. होडीत मात्र एक रेघ सरळ नाही. पाणसळ ठेवावी तर ती ट्रेलरचा कल सांगते, होडीचा नाही. शेवटी नजर आणि दोरी.

क्लबातले एक निवृत्त फिटर आजोबा येता-जाता बजावतात, "आधी भोक बुजव, मग पाड." म्हणजे भोक मुद्दाम मोठं करायचं, आतला बाल्सा कोरायचा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, ते दगड झालं की मधोमध बोल्टापुरतं नवं भोक. आता पाणी शिरलंच तर लाकूड गाठणार नाही. भोकाची वरची कड जरा खोलगट घासायची. तिथं ब्यूटिलची चिकट पट्टी दबून बोल्टाला गळपट्ट्यासारखी बसते.

आवळायला दोघं लागतात. बायको वर, बोल्टाचं डोकं धरून. मी खाली केबिनमध्ये, मान वाकडी करून पान्यानं नट फिरवतोय. बोल्ट फिरता कामा नये, फक्त नट. नाहीतर ब्यूटिल सुटतं. "अरे, फिरतोय!" वरून ओरडा येतो. नटाखाली रुंद पट्टी हवीच. वरून चकाकणारा खुंट सगळ्यांना दिसतो. ओढ आली की भार पेलते ती ही पट्टी, आणि ती कपाटाच्या फळीमागे दडलेली.

केबिनच्या फळ्यांना पुढून उंच कड लावली, डबे घसरू नयेत म्हणून. इथल्या माइन नदीत लाट येते ती मालवाहू बार्जची. कोस्टहाइमच्या लॉकमधून उतरलं की माइन्झपाशी ऱ्हाईन, तिथंही समुद्र नाही. तरी बोल्ट सगळे समुद्रात वापरायच्या ए४ स्टीलचे, जणू केप हॉर्नला निघालोय. याला जबाबदार भारतीय नौदलाचे तेव्हाचे कमांडर दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली छपन्न फुटी 'म्हादेई' घेऊन ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं असं करणारे पहिले भारतीय. तो प्रवास वाचताना मला लाटांपेक्षा त्या बोटीचे नटबोल्टच आठवत राहतात; ते कुणीतरी असंच मान वाकडी करून आवळले असणार.

सगळं बसल्यावर डेकवर पाइपनं पाणी सोडलं. बायको टॉर्च घेऊन आत.

"थेंब आहे."

"कुठल्या खुंटाखाली?"

"खुंट कोरडे आहेत. खिडकीखाली."

खिडक्या पुढच्या हिवाळ्यात काढायच्या ठरल्या होत्या. मी पान्यांची पेटी पुन्हा उघडली.