लसणाचं पाणी

मिरची उन्हात वाळवता येते, खोबरं भाजता येतं, कांदा तेलात काळपट होईपर्यंत परतता येतो. लसणाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र निपाणीतल्या आक्कांना लग्न होऊन या गावात आल्यापासून सुटलेला नाही. गल्लीत त्यांना सगळेच आक्का म्हणतात, त्यांचा नातूसुद्धा. वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो आणि तो तसा मानला जावा याची त्या पुरेशी काळजीही घेतात.

किलोभर मिरचीला त्या पाव किलो लसूण घेतात. लसणात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणजे मिरची, धणे, तीळ, खोबरं अशा खडखडीत वाळलेल्या ऐवजात शेवटी दीडशे ग्रॅम पाणी ओतल्यासारखंच झालं. पुढे जून उजाडतो, भिंतींना ओल येते आणि बरणीतल्या त्या पाण्याला वाट फुटते. यावर बहुतेक घरांत सोपा उपाय आहे. लसूण कांद्याबरोबर तेलात लाल करायचा, पाणी उडवून टाकायचं. आक्का या उपायाला उपाय मानत नाहीत. तळलेला लसूण गोड होतो, त्याचा तोरा जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि रसायनशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. लसणाचा उग्र वास पाकळीत तयार स्थितीत नसतोच. पाकळी चेचली की अ‍ॅलिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि त्यातून अ‍ॅलिसिन तयार होतं. आधीच तळलेल्या पाकळीतलं विकर निकामी झालेलं असतं. मग कितीही कुटा, वास येणार तो तळणीचा.

म्हणून आक्कांचा लसूण कच्चा जातो, तोही सर्वांत शेवटी. डंकावर मिरची बारीक झाली, गरम मसाला मिसळला, कांदा-खोबरं एकजीव झालं की मग त्या पदराखालचा डबा उघडतात. चक्कीवर त्या चटणी दळत नाहीत. पात्यांच्या उष्णतेने मसाल्यातली उडणारी तेलं निघून जातात, मुसळ त्या मानाने थंड चालतं.

हे सगळं अनेक वर्षं जमलं, कारण लसूण जवारी होता. बारीक पाकळ्या, घट्ट साल, माळ्यावर जुड्या टांगून कडक झालेला. तो सोलणं हे वैतागाचं काम, पण त्याच्यात पाणी कमी. मग आक्कांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. डॉक्टरांनी सांधा झिजल्याचं सांगितलं, आक्कांनी त्याचा अर्थ लसूण सोलणं बंद असा घेतला, पण सुनेला सोलू दिला नाही, कारण ती नखाने पाकळी दुखावते. शेवटी बाजारातून सोललेला, टपोरा, पांढराशुभ्र लसूण आला. डंकावर तो पडला मात्र, चटणी मुसळाला चिकटायला लागली. डंकवाला मशीन थांबवून म्हणाला, "आक्का, पीठ मळायलाय काय ओ?" मागे रांगेत गल्लीतल्याच बायका होत्या. आक्कांना लसणापेक्षा ते जास्त लागलं.

तिथून त्यांच्या कामाचा नूर बदलला.

ओल बोटांनी ओळखणं या गावाला नवं नाही. निपाणी तंबाखूचं गाव. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथेच महामार्ग अडवून धरला होता. आक्कांच्या सासऱ्यांची उमर वखारीत गेली. पान फार वाळलं तर त्याची भुकटी होते, ओलं राहिलं तर बुरशी धरते, आणि या दोहोंमधली नेमकी जागा ते पान चुरगाळून सांगत. मिरचीचंही तसंच. देठाजवळ धरून हलवली की बी खुळखुळलं पाहिजे, मोडली की आवाज झाला पाहिजे. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या, दोघीही मूळच्या अमेरिकेतल्या, आणि पोर्तुगीज जहाजांनी सोळाव्या शतकात त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरवलं. सासरे तंबाखूकडे बघत, सून मिरचीकडे, खाटाने शिंका दोघांच्याही घरात.

नातू हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला आणि त्याने गच्ची ताब्यात घेतली. ट्युनिशियाचा हरिसा, कोरियाची किमची, गोचुजांग अशी भांडी एकामागून एक वर चढली. कोरियन मिरचीचे जाडसर लाल कण इथे कुठून आणायचे, तर त्याने ब्याडगी मिरचीच्या बिया काढून ती भरड वाटली. रंग गडद, तिखटपणा बेताचा, काम भागलं. आक्का पहिल्या दिवशी नाक मुरडून, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून गच्चीवर गेल्या. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. यातल्या बहुतेक परक्या बरण्यांत लसूण आहे, तोही कच्चा, मग त्याच्या पाण्याचं हे लोक काय करतात?

हरिसा त्यांना ओळखीचा वाटला. उन्हात वाळवलेली मिरची, लसूण, मीठ, धणे, कॅरवे (नातवाने शहाजिऱ्यावर निभावलं) आणि वर ऑलिव्ह तेलाचा थर. युनेस्कोने 2022 साली हे हरिसा करण्याचं कौशल्य मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, असं नातवाने सांगितल्यावर आक्कांनी लगेच विचारलं, "आणि आपली चटणी?" उत्तर नव्हतं. मग त्यांनी तेलाच्या थराकडे बोट दाखवलं. हवा बंद झाली, पण आतलं पाणी आतच राहिलं की.

नातवाने त्यावर व्हँकुव्हरची गोष्ट सांगितली. 1985 साली तिथल्या एका उपाहारगृहात सँडविचला लावलेल्या, तेलात ठेवलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली. ओला लसूण, आंबटपणा नाही, तेलामुळे हवा नाही आणि बाटली फ्रिजबाहेर. त्या जंतूला एवढंच हवं असतं. पदार्थ पुरेसा आंबट असेल, शास्त्राच्या भाषेत पीएच 4.6 च्या खाली असेल, तर तो वाढत नाही. पुरेसं मीठ आणि कोरडेपणा असेल तरीही नाही. बुरशी निदान डोळ्यांना दिसते, वास देते. हा प्रकार ना दिसतो ना वास मारतो. तेव्हापासून गच्चीवरचा हरिसा थोडा-थोडा होतो, त्यात लिंबू पडतं आणि तो फ्रिजमध्ये जातो.

आंबटपणाची वाट आक्कांना माहीत होतीच. घरात रंजका दर हिवाळ्यात होतो. ओली लाल मिरची, मीठ, लसूण, लिंबू, मेथी, हिंग. ज्वारीच्या भाकरीबरोबर तो इकडे मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांच्या घरांत खाल्ला जातो. रंजक्यात लसणाचं पाणी कधी आड आलं नाही, कारण तिथे सगळंच ओलं आणि लिंबू राखणीला. अमेरिकेतल्या लुइझियानात 1868 पासून बनणारा टबॅस्को सॉसही मिरची मिठात कुटून, लाकडी पिंपात मुरवून, मग व्हिनेगर घालून होतो. आक्कांनी त्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि रंजक्याचं पाणी म्हणून निकाली काढला.

गोचुजांगपुढे त्या जरा थबकल्या. त्यात मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ असतं, आणि मातीच्या रांजणात ते महिनोन् महिने मुरतं. लसूण त्यात नाहीच. "म्हणून टिकतंय," असं म्हणून त्यांनी शेजारच्या जैन काकूंच्या घराकडे बघितलं. निपाणी भागात कांदा-लसूण वर्ज्य असलेली बरीच जैन घरं आहेत आणि त्यांची चटणी दुसऱ्या वर्षीही कोरडी, मोकळी निघते. हे आक्कांचं जुनं शल्य. काकू कधी काही बोलत नाहीत, फक्त वाटीत चटणी घालून पाठवतात. ती उत्तम असते. आक्का ती खातात आणि हिला लसणाचा पाश नाही, एवढंच म्हणतात.

बाकी प्रतिस्पर्ध्यांना त्या इतक्या सवलतीत सोडत नाहीत. पाकिटातल्या मसाल्यात लसूण कोरड्या पुडीचा, म्हणजे नसल्यातच जमा. कोल्हापूरच्या वाटेवरल्या हॉटेलांत तांबड्या रश्श्याचा रंग बघून त्या आधी बोट पांढऱ्या रुमालाला पुसतात. ही शंका अगदीच हवेतली नाही. 2005 साली ब्रिटनमध्ये मिरचीपुडीत सुदान-1 हा बंदी असलेला रंग सापडला आणि ती पूड पोटात घेतलेले चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले.

पण लाल रंगाचा मोह आक्कांनाही आहे आणि त्या तो लपवत नाहीत. त्यांच्याकडे चटणी दोन प्रकारची होते. घरची संकेश्वरी मिरचीवर, तिखट, किंचित केशरी झाक असलेली. पुण्या-मुंबईला आणि परदेशी जाणाऱ्या पाहुण्यांची ब्याडगी जास्त घालून, गडद लाल. चवीला घरचीच सरस आहे. "पर डबा उघडल्या उघडल्या त्यांनी 'अगं बाई' म्हणायला पायजे की," असं आक्का स्पष्ट सांगतात. ब्याडगीचा रंग लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येही जातो हे नातवाने सांगितलं, तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

संकेश्वरीचं मात्र कठीण झालं आहे. संकेश्वर निपाणीपासून महामार्गाने अर्ध्या तासावर. पण ज्या काळ्या रानात ही लांब, सडपातळ मिरची व्हायची तिथे आता ऊस उभा आहे. जवारी वाण उतारा कमी देतो, रोगाला लवकर बळी पडतो, तोडणीला मजूर मागतो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गडहिंग्लजच्या बाजारात अजून अस्सल माल येतो, त्याचे भाव ऐकून लोक लांबूनच नमस्कार करतात. बाकी ठिकाणी पोत्यावर संकेश्वरी लिहिलेलं असतं आणि आत गुंटूरची तेजा. ब्याडगीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिच्या शेतकऱ्याचंही सोनं झालं नाही. मार्च 2024 मध्ये दर कोसळल्यावर ब्याडगीच्या बाजार समितीत संतापाचा भडका उडाला आणि गाड्या जळाल्या.

एका मिरचीवर हात बसला की माणूस तिचा मिंधा होतो. लॉस एंजेलिसमध्ये 1980 साली सुरू झालेल्या हुय फाँग कंपनीचा श्रीराचा सॉस जगभर गेला, पण 2024 मध्ये आलेली मिरची पुरेशी लाल नाही म्हणून त्यांना काही महिने उत्पादन थांबवावं लागलं. ही हकिकत आक्कांनी नातवाकडून पुन्हा सांगून घेतली. हिरवट मिरची आली म्हणून आख्खा कारखाना बंद ठेवणारा मालक त्यांना आपल्या जातीचा वाटला असावा.

लसणाचा तिढा जरासा सैल झाला तो किमचीमुळे. नातू कोबीची पानं मिठात दाबून ठेवत होता. काही तासांनी तळाशी पाणी साचलं, ते ओतून, पानं पिळून मग त्याने मसाला भरला. दक्षिण कोरियात हिवाळ्याआधी घरोघरी मिळून किमची घालायच्या रिवाजाला, किमजांगला, 2013 साली युनेस्कोची मान्यता मिळाली आहे. आक्कांचं लक्ष त्या मान्यतेकडे नव्हतं, परातीत साचलेल्या पाण्याकडे होतं. त्या काही बोलल्या नाहीत. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी बाजारचा टपोरा लसूण खलबत्त्यात जाडसर ठेचला, चटणीला लागणाऱ्या मिठातलं निम्मं मीठ त्याला चोळलं आणि फडक्यात बांधून चाळणीवर ठेवला. सकाळी खालच्या वाडग्यात पाणी होतं. लसूण पंख्याखाली पसरला, हाताला कोरडा लागल्यावरच डंकावर नेला. चटणी मोकळी पडली. डंकवाला या खेपेला काही म्हणाला नाही, याची नोंद आक्कांनी घेतली.

नवा घोळ त्या वाडग्यातल्या पाण्याने घातला आहे. त्याचा वास इतका तिखट, की स्वयंपाकघरात शिरलेला माणूस डोळे पुसत बाहेर येतो. नातवाचं म्हणणं, ठेचल्याबरोबर तयार झालेलं अ‍ॅलिसिन थोडंफार पाण्यात उतरतं. म्हणजे ज्याच्यासाठी लसूण कच्चा ठेवायचा हट्ट, तेच वाडग्यात गळलं. आक्कांना हे पटलं आहे, पण त्यांनी तसं म्हटलेलं नाही. ते पाणी त्यांनी रंजक्यात घातलं, उरलेलं पिठल्यात. आता त्यांचा विचार असा चालला आहे, की ठेचण्याआधी अख्ख्या पाकळ्यांचे काप करून उन्हात धरावेत, पाणी जाईल आणि विकर शाबूत राहील. पण काप करताना सुरी पाकळीला लागतेच, तिथे तेच विकर जागं होणार. शिवाय काप करायला अंगठा हवा. सुनेने काप करावेत काय, हा प्रस्ताव घरात दोनदा निघाला आणि दोनदा बारगळला.

तूर्त फडताळात दोन बरण्या आहेत, एकीत मीठ लावून निथळलेल्या लसणाची चटणी, दुसरीत गल्लीतल्यांसारखी तळलेल्या लसणाची. दुसरी फक्त ताडून बघायला केली आहे, हे आक्का न विचारता सांगतात. पाऊस संपेपर्यंत दोन्ही पाहुण्यांना द्यायच्या नाहीत असं ठरलं आहे. नातवाने पहिलीवर चिकटपट्टी लावून 'किमची चटणी' असं लिहिलं होतं. ते आक्कांनी सुरीने खरवडून काढलं, खाली थोडा गोंद राहिला आहे.