रोम, सोयाबीनच्या भावानं

"रोमला? पाच दिवसांसाठी? आणि तेही रिठदहून?" वाशीमच्या माझ्या नणंदबाईंनी एका दमात तीन प्रश्न विचारले, तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. पैसेही त्याच कामाचे होते. बावीस वर्षं शिलाईतून उरतील तसे पोस्टात टाकत गेले, त्याचे २०२५ च्या उन्हाळ्यात तीन लाख झाले. बारा दिवसांत आठ देश दाखवणारी सहल मला नकोच होती. एकच शहर, पायी, निवांत बघायचं. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात रोमचं ते भलंमोठं पडकं गोल क्रीडागृह पाहिलं होतं, तेव्हापासून मनात होतं.

दिवाळीनंतर जायचं ठरलं आणि सप्टेंबरात पावसानं सोयाबीन उभ्यानं सडवलं. आमचंच नव्हे, अख्ख्या शिवाराचं. सासूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "लोकायचं पीक गेलं, अन् तुमी चालले इमानात!" हे काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. रात्री मीच विचारलं, "अहो, हरभऱ्याच्या पेरणीला किती लागतील?" चाळीस हजार काढून दिले. सात रात्रींच्या पाच झाल्या आणि दिवाळीचा फेब्रुवारी झाला. पण बाकीचे पैसे मात्र मी हलू दिले नाहीत. ह्यावर घरात चार दिवस अबोला होता, तो इथं लिहीत नाही.

मग वही घेतली. मैत्रिणींनो, एक सांगते, आपण बायका विमानाचं तिकीट बघतो आणि घरापासून मुंबईपर्यंतचा खर्च विसरतो. आम्हांला मुंबईच्या दोन वाऱ्या पडल्या. एक व्हिसासाठी, कारण बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात, आणि दुसरी प्रत्यक्ष निघताना. व्हिसाची फी माणशी ९० युरो. ती जून २०२४ पर्यंत ८० होती. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. शिवाय किमान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा. पासपोर्टचे दीड हजार वेगळेच. हॉटेलचं भाडं भरलं की संपलं, असं मी समजत होते. रोममध्ये शहराचा कर माणशी, दर रात्री निराळा द्यावा लागतो. आमच्या तीन तारे हॉटेलात तो ६ युरो, म्हणजे दोघांचे पाच रात्रींचे ६०. हा आकडा वहीत नंतर, बारीक अक्षरात घुसडला आहे.

ह्यांनी मात्र हिशेबाची आपली वेगळीच रीत काढली. युरो सोपा म्हणून शंभर रुपये धरला आणि सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. "एका व्हिसाला जवळजवळ पावणेदोन क्विंटल," हे म्हणाले. "पोपच्या वाड्यातलं संग्रहालय बघायला २० युरो, म्हणजे सदतीस किलो." बाजारात तो भाव कुणाला मिळाला होता म्हणा! पण त्यामुळे काय सोडायचं, काय ठेवायचं, ते मला पटापट कळू लागलं. विमानतळावरून शहरात जायला थेट गाडी १४ युरोंची, साधी लोकल ८ ची. सहा युरोंचे अकरा किलो वाचले, बदल्यात एकदा गाडी बदलली. कॉफी उभ्यानं प्यायची, टेबलाशी बसलं की दर वाढतो. पाणी विकत घ्यायचंच नाही. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात, थंडगार, पिण्याचं. सेंट पीटरच्या चर्चमध्ये शिरायला पैसे नाहीत, रांग मात्र आपल्या शेगावसारखी.

सासूबाईंनी आदल्या दिवशी न बोलता तुपाचा डबा आणून ठेवला. राग गेल्याची ती खूण. पण दूध, तूप, खवा युरोपात नेता येत नाही. तो डबा परत ठेवताना माझा जीव कसाबसा झाला. मेथीच्या दशम्या आणि चिवडा नेला, त्यावर रात्रीची जेवणं भागली.

युरो शंभरला मिळाला नाही, बराच चढा पडला. शंभराला दहा जास्तीचे धरून ठेवले होते, म्हणून निभावलं. तिकिटं, व्हिसा आणि हॉटेल ह्यांतच पावणेदोन लाखांच्या वर गेले.

शेवटच्या संध्याकाळी ट्रेवीच्या कारंज्याशी गेलो. तिथं खाली, पाण्याजवळ जायला २ फेब्रुवारी २०२६ पासून परक्यांना २ युरो पडतात. आम्ही जेमतेम आठवड्यानं पोचलेलो. वहीत ही रक्कम कुठून असणार! हे कठड्याशी थांबले. "दोघांचे साडेसात किलो. वरूनही छानच दिसतंय की."

"तुम्ही बघा वरून," मी म्हटलं आणि पिशवीतले दोन युरो काढून पायऱ्या उतरले. पाण्याचा आवाज इतका होता, की वरून हे काय ओरडताहेत ते कळेना. नंतर म्हणाले, "नाणं टाकू नकोस, असं सांगत होतो."

टाकलं होतं. तेही वहीत लिहिलंय.