मटन भारी का चिकन? आमच्या घरचा हिशोब



हरभरा सोंगून झाला, ढीग रानातच लावलाय. मळणी यंत्राचा नंबर परवाचा आहे, म्हणून आज जरा बूड टेकायला मिळालं. आजची नोंद पिकाची नाही. ताटाची आहे.

पोरगी लातूरला अकरावीत शिकते. नीटचा क्लास, हॉस्टेल, मेसचं जेवण. दिवाळीला घरी आली तर माळवदावर चढताना धाप लागायली. चेहरा पांढरा फटक. तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टर म्हणाले, "मुलीला निदान बारा तरी पाहिजे." लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "मटन-चिकन खाता ना घरी? मग खाऊ घाला की."

घरी आल्यावर तिघांची तीन मतं. मी म्हणालो, मटन आणतो. आई म्हणाली, "मटन उष्ण पडतंय लेकराला, कोंबडं आण." बायको म्हणाली, "अहो, मटन आठशे रुपये किलो झालंय. तेवढ्यात तीनदा चिकन होतंय."

आता मी स्वतः शेळ्यावाला. अकरा उस्मानाबादी शेळ्या आहेत दावणीला. लातूर, उदगीर, तुळजापूर हा त्या जातीचा मूळ पट्टा. काळीभोर, काटक, जुळी देणारी. बोकड मोठं झालं की व्यापारी दारात येऊन घेऊन जातो. पण त्याच्या मटनात काय असतं आणि चिकनमध्ये काय, हे वीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मग रात्री पाणी द्यायला गेलो की मोबाईलवर वाचत बसायचो, आणि खिशातल्या वहीत लिहायचो.

कच्च्या, बिनहाडाच्या 100 ग्रॅमचा हिशोब असा निघाला.

प्रथिनं: दोन्हीकडं साधारण 20 ते 22 ग्रॅम. म्हणजे बरोबरीच.

चरबी: कातडी काढली तर छातीच्या चिकनमध्ये दोन-अडीच ग्रॅम, आणि चरबी साफ केलेल्या शेळीच्या मटनातही जवळपास तेवढीच. मटन म्हणजे नुसती चरबी, हा आपला समज. शेळीचं मटन तसं नसतं. चरबी वाढते ती वरून टाकलेल्या तेलानं, तर्रीनं.

लोह: इथं फरक पडतो. मटनात 2.8 मिलिग्रॅमच्या आसपास, चिकनच्या छातीत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी, तंगडीत थोडं जास्त. जस्त आणि बी-12 पण मटनात जास्त.

काळीज: सगळ्यांच्या वर. कोंबडीच्या काळजात 100 ग्रॅमला 9 मिलिग्रॅमच्या आसपास लोह.

आता पैशाचा हिशोब. मटन 800 आणि चिकन 240 रुपये किलो धरा, हाडं सध्या बाजूला ठेवा. एक ग्रॅम प्रथिन मटनातून चार रुपयाला पडतंय, चिकनमधून सव्वा रुपयाला. अंड्यातूनही सव्वाच्या आतबाहेर. पण एक मिलिग्रॅम लोह मटनातून 28-29 रुपयाला, आणि चिकनच्या तंगडीतून तीस-पस्तीसला, छातीतून त्याहून जास्तला. म्हणजे प्रथिनं पाहिजेत तर चिकन आणि अंडी स्वस्त. लोह पाहिजे तर मटन महाग नाही. आणि कोंबडीचं काळीज दोघांपेक्षा स्वस्त. बायकोचं पण बरोबर निघालं, माझं पण.

हे चालू असतानाच चुलतभावाच्या पोराचा अमेरिकेतून फोटो आला. नोव्हेंबरच्या शेवटी तिकडं थँक्सगिव्हिंगचा सण असतो, टेबलावर अख्खी भाजलेली टर्की. टर्की म्हणजे आपल्या कोंबड्याच्या कितीतरी पट मोठा पक्षी. शेजारी हॅम, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी. तिकडं पण हाच वाद, कोणतं चांगलं? तेही वाचलं. कातडी काढलेल्या टर्कीच्या छातीत प्रथिनं जास्त, चरबी कमी. हॅममध्ये मात्र 100 ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला दोन हजारच्या आत राहा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. अर्धा कोटा तिथंच संपला. आपल्याकडं आठवडी बाजारातली खारवलेली सुकी मासळी असते, त्याच जातीचं प्रकरण. प्राणी कोणता ह्यापेक्षा त्याचं आपण काय केलं, हे महत्त्वाचं.

एवढं सगळं वहीत लिहून मी खुश. रविवारी पोरगी घरी आली, मी एक किलो मटन आणलं. काळीज वेगळं मागून घेतलं.

आमच्याकडं पहिली पंगत गड्यांची. मी, भाऊ, दोघांची पोरं. आईनं वाढलं. काळीज माझ्या ताटात, नळी भावाच्या. मी पण खाल्लं, सवयीनं. डोक्यात काहीच आलं नाही.

मग हात धुवून पाणी प्यायला आत गेलो. बायका जेवायला बसल्या होत्या. पोरीच्या ताटात ज्वारीची भाकर कुस्करलेली, वर रस्सा आणि दोन पीस. त्यातलं एक नुसतं हाड. बायकोच्या ताटात तेही नाही, रस्सा आणि कांदा.

"पीस का नाही घेतलंस गं?"

"आहेत की पप्पा," म्हणाली.

जिच्यासाठी मटन आणलं, तिच्या ताटात रस्सा. आणि मी आठ दिवस मटन आणि चिकनच्या फरकाचा हिशोब करायलो होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे वहीत मीच लिहिले होते. मोठ्या माणसाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला 29. कारण दर महिन्याला तिच्या अंगातलं जातं. गरज तिला दीडपट, आणि काळीज माझ्या ताटात.

गोठ्यात मी असं करत नाही. शेळी गाभण राहिली की तिचा खुराक वाढवतो. व्याली की आधी तिला, मग बाकीच्यांना. बोकड मोठं दिसतंय म्हणून त्याला आधी घालत नाही. जनावराचं कळतं मला. घरचं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला तपासायला नेलं. ती म्हणत होती, "मला काय झालंय?" रिपोर्ट आला, 9.1. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. बाळंतपणं सोडली तर तिचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत शंभरातल्या 54 जणींना रक्त कमी निघालं. त्यातल्या दोघी माझ्याच घरात, आणि मला पत्ता नाही.

आता काय करतो ते सांगतो. मटन महिन्यातून एकदा, चिकन दोनदा, काळीज चिकनसोबत मागून घेतो. अंडी रोजची. पंगत एकच, सगळे सोबत बसतात, आणि काळीज पोरीच्या आणि तिच्या आईच्या ताटात. लिंबू पिळून खायचं, त्यानं लोह अंगी लागतं. जेवल्याबरोबर चहा बंद, तासाभरानं. चहानं ते अडतं. माळकरी घरांनी बाजरी, हरभरा, मटकीसोबत लिंबू ठेवावं, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. फक्त पोटात लेकरू असेल तर काळीज रोज खायचं नसतं, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

तीन महिन्यांनी पोरीचं हिमोग्लोबिन 10.9 आलं. जास्त काम गोळ्यांनीच केलं, उगीच मटनाला श्रेय देत नाही. बायकोचं अजून दहाच्या आत आहे, गोळ्या चालू आहेत.

आईला हे पटलेलं नाही. "गड्यांनी आधी खावं, राबतात ते," म्हणते. मी म्हणालो, "माय, सोयाबीनची खुरपणी कोणी केली?" ती काही बोलली नाही. पण मागच्या रविवारी वाढताना नळी सुनेच्या ताटात पडली. पडली का टाकली, विचारलं नाही.

मटन का चिकन, हे ज्यानं त्यानं खिसा बघून ठरवावं. पण येत्या रविवारी हात धुतल्यावर एकदा आत जाऊन उरलेली ताटं बघा. आणि घरातल्या बायकांचं रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं.

तुमच्याकडं पंगत कशी बसते, ते खाली लिहा.