सहप्रवाशांची हरकत नसल्यास

रेल्वेत कुत्र्याची पावती सामानाच्या खिडकीवर फाडतात. सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसात एका बाजूला गोणपाटात शिवलेले गठ्ठे, दुसऱ्या बाजूला माशांची थर्माकोलची खोकी, त्यांतून झिरपणारं बर्फाचं पाणी आणि त्या पाण्याकडे नाक लावून बसलेली आमची चकली. तिला वजनकाट्यावर उभं करावं लागेल म्हणून मी पर्समध्ये बिस्किटं ठेवली होती. पण खिडकीतल्या साहेबांनी मान वर करूनही पाहिलं नाही. कुत्र्याचं वजन नियमातच ठरलेलं असतं. समोरचा कुत्रा लठ्ठ आहे की हडकुळा, याच्याशी रेल्वेला कर्तव्य नाही. जनावरांच्या डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला, रेबीजच्या लसीचं पुस्तक, तिकिटाची झेरॉक्स, आधार कार्ड, असं एकेक पुढे सरकवत गेले.

"ब्रीड?"

"गावठी."

"तसंच लिहू?"

"लिहा की."

त्यांनी 'देशी' लिहिलं आणि पावती दिली.

चकली हे नाव शेपटीवरून पडलं. एका पावसाळ्यात ठाण्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या मीटर-रूममध्ये ती आली, वॉचमनच्या डब्यातली पोळी खाऊन राहिली आणि बघता बघता तिसऱ्या मजल्यावर चढली. वर्ध्याला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तिथे बरेच दिवस राहावं लागणार होतं. कुत्र्यांच्या बोर्डिंगात तिला एकदा ठेवून पाहिलं होतं. तिथे ती अन्नाला तोंड लावत नाही. तेव्हा गाडीच.

आपल्या रेल्वेत मोठा कुत्रा नेण्याचे मार्ग दोनच. एसी फर्स्टमध्ये आख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल, तर कुत्रा तुमच्यासोबत. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, पण डॉग बॉक्स जिथल्या तिथे आहे. मी तो पाहिलाय. बुटका, लोखंडी, एका बाजूला जाळी. रात्रभर खडखडाट, आणि कुत्र्याच्या खाण्यापिण्याची सोय मालकाने स्टेशनावर उतरून करायची. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर, चेअर कार, कुठेही मोठा कुत्रा चालत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात फर्स्टचं भाडं आहे त्याचा कुत्रा गादीशेजारी आणि ज्याच्याकडे नाही त्याचा पेट्या-गठ्ठ्यांसोबत. कुत्रा तोच, लस तीच.

दोन बर्थचा कूपे मिळावा म्हणून आम्ही रीतसर अर्ज दिला होता. पण चार्ट लागला तेव्हा आम्हा दोघांची नावं चार बर्थच्या केबिनमध्ये निघाली. अशा वेळी नियम सांगतो की सहप्रवाशांची हरकत नसेल तरच कुत्रा आत राहील. हरकत आली तर त्याची रवानगी गार्डकडे, आणि भाड्याचा फरक वगैरे काही परत मिळत नाही.

केबिनमध्ये बडनेऱ्याला उतरणारं एक वयस्कर जोडपं आधीच बसलं होतं. दार सरकवताच काकूंनी पाय वर घेतले आणि एक हात पोटाशी, साडीच्या निऱ्यांवर घट्ट धरला. पाय का घेतले ते कळलं, हात पोटाशी का गेला ते मात्र कळेना.

"अहो, ती काही करत नाही," माझा नवरा म्हणाला. कुत्रा पाळणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. ज्याला कुत्रा चावलेला असतो त्याने चावण्याच्या आधी बहुतेक हेच ऐकलेलं असतं.

"तुम्ही राग नका मानू बाई," काकू मला म्हणाल्या, "पण मला नाही जमणार. लहानपणी चावला होता. चौदा इंजेक्शनं घेतली मी. बेंबीभोवती."

त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती घेतली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस पोटात टोचत, रोज एक. आपल्याकडे ती 2005 च्या आसपास बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्यांवर भागतं. काकू सांगत होत्या, दवाखाना दुसऱ्या गावाला होता, वडील सायकलवर पुढे बसवून न्यायचे, आणि दहाव्या दिवशी सुई टोचायला मऊ जागाच राहिली नाही तेव्हा कंपाउंडर चिमटीत कातडी धरून जागा शोधायचा. हे सांगताना त्यांची चिमूट आपोआप झाली होती. चकली दारातच बसून त्या चिमटीकडे टक लावून पाहत होती. तिला त्यात बिस्किट आहे असं वाटलं असावं.

टीसी आले. "मॅडम, नियम तुम्हाला ठाऊकच आहे," म्हणाले. ठाऊक होता. पावतीबरोबर घेतलेलं ते बंधनच होतं. मी चकलीची चादर उचलली. तेवढ्यात टीसींनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी शेजारचा कूपे ठोठावला. आत अकोल्याचे एक कापसाचे व्यापारी आणि त्यांचे मुनीम. काका-काकूंना तो कूपे द्यायचा आणि त्या दोघांनी आमच्या केबिनमध्ये यायचं, असा तोडगा निघाला.

"कुत्रा हाय? मग येतो ना जी. आमच्या वावरात तीन हायेत," व्यापारी म्हणाले आणि लुंगी सावरत आलेही.

ते आले ते बोलतच. कोणत्या कुत्र्याने कोणतं रानडुक्कर हाकललं, कोणत्याला साप चावला. धर्मराजाने कुत्र्यापायी स्वर्गाचं दार नाकारलं, ही गोष्ट त्यांनी कल्याण ते कसारा पुरवली. मला त्या गोष्टीत नेहमी इंद्राचीही बाजू दिसते: कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही, असं सांगणारा पहिला बोर्ड त्यानेच लावला. इगतपुरीनंतर मला डॉग बॉक्सच बरा वाटायला लागला. मुनीम मात्र एक अक्षर न बोलता चकलीच्या कानामागे खाजवत बसले होते.

भुसावळला मध्यरात्र उलटून गेली होती. चकलीला खाली उतरवलं. खांबाशी तिची हजेरी लागते न लागते तोच स्टेशनातली दोन कुत्री शेपट्या ताठ करून आली. पाठीमागे चहावाला. "मॅडम, पट्टा दिसू द्या तिचा," तो म्हणाला, "हल्ली गाडी येते उचलायला." सुप्रीम कोर्टाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, त्याबद्दल तो बोलत होता. ती दोन कुत्री आणि चकली यांच्यात रंगाचाही फरक नव्हता. फरक गळ्यातल्या लाल नायलॉनच्या पट्टीचा आणि माझ्या पर्समधल्या पावतीचा. लॅब्राडॉर असता तर पट्टा दाखवा असं कुणी म्हणालं नसतं. ठाण्यात ज्या कॅफेच्या दारावर पंजाचा ठसा काढलेला आहे, 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं आहे, तिथेही मला दारात विचारलं होतं, "मॅडम, ही आपलीच ना?"

परत बर्थवर पडले, पण व्यापाऱ्यांच्या घोरण्याने झोप येईना. डोक्यात काकूच होत्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही, तक्रार केली नाही, तोंडावर सांगितलं. मीही त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. आणि इतक्या वर्षांत चकलीवरून झालेल्या शंभर कटकटींपेक्षा ही मला सोपी वाटली, कारण इथे विचारणं आणि उत्तर देणं दोन्ही नियमातच बसवलेलं होतं.

आमच्या घराजवळच्या बागेत तसं नाही. तिथे फाटकावर 'कुत्र्यांना सक्त मनाई' असा पत्रा आहे. तो कुणी, केव्हा, कुणाला विचारून लावला ते माळ्यालाही माहीत नाही. दुसऱ्या बाजूला आमचा कुत्रेवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांची पीडीएफ दर आठवड्याला फिरते: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, बागेत सरसकट मनाई करता येत नाही. खरं आहे. पण त्याच सूचनांत बागेच्या वेळा ठरवून घ्याव्यात असंही आहे, ती ओळ कुणी पिवळी करून पाठवत नाही. आणि आपला प्राणी कुणाला इजा करणार नाही याची खबरदारी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे तर ग्रुपवर कधी आलेलंच नाही.

भांडण जुनंच आहे. 1832 च्या जूनमध्ये मुंबईच्या फोर्टात कंपनी सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम काढली, एका कुत्र्यामागे इनाम लावलं, तेव्हा पारशी समाजाने दुकानं बंद ठेवली, दंगल झाली आणि लष्कर बोलवावं लागलं. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. पोलिसांच्या हिशोबात तो उन्हाळ्यातला उपद्रव. तेव्हाही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

माझ्यापुरतं मी ठरवलेलं आहे. बाग, पदपथ, तलावपाळी, लिफ्ट या जागा कुत्र्याला मोकळ्या हव्यात, आणि त्यासाठी मालकाच्या खिशाचा किंवा कुत्र्याच्या जातीचा प्रश्न येऊ नये. पट्टा हातात हवा, लस झालेली हवी, शी उचलायला पिशवी हवी. यातलं एकही नसेल तर फाटकावरच्या पत्र्याला मी नावं ठेवणार नाही. ग्रुपवर प्राणिप्रेमाचे सुविचार पाठवणारे एक गृहस्थ सकाळी जिन्याजवळच्या कोपऱ्यात कुत्र्याला उभं करून मोबाइलमध्ये बघत असतात. झाडूवाल्या मावशी ते रोज खराट्याने ढकलतात. मावशींना कुत्री आवडतात की नाही हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. पण दवाखाना, हॉटेलचं स्वयंपाकघर, लहान मुलांची घसरगुंडी, जिथे मोरांची पिल्लं फिरतात त्या टेकड्या, इथे कुत्र्याचं काम नाही, अगदी चकलीचंसुद्धा. आणि बंद जागेत, जिथून समोरच्याला उठून जाता येत नाही, तिथे त्याचा नकार पुरेसा. कारण सांगायची सक्ती नको. काकूंनी सांगितलं हा त्यांचा चांगुलपणा.

सकाळी बडनेऱ्याला त्या उतरल्या. कॉरिडॉरमध्ये आमच्या दाराशी आल्या तेव्हा मी चकलीला बर्थखाली दाबून धरलं. त्या थांबल्या नाहीत, फक्त "येते हं" म्हणाल्या आणि भिंतीला चिकटून पुढे गेल्या.

वर्ध्याला आईच्या गल्लीत कुणाला काही विचारावं लागत नाही. तिथे वाण्याच्या पायरीवर, पोस्टाच्या व्हरांड्यात, मारुतीच्या पारावर कुत्री पसरलेली असतात आणि माणसं त्यांना ओलांडून जातात. चकलीला बाहेर काढलं तेव्हा शेजारच्या काकूंनी "पोरीसारखीच आणली की गं सोबत" म्हणून शिळी भाकरी दिली. माणसांची काही हरकत नव्हती. हरकत गल्लीतल्या कुत्र्यांची होती. पोस्टापर्यंत त्यांनी येऊ दिलं. पोस्टाच्या पुढे पाऊल पडलं की पाच-सहा जण रस्ता अडवून उभे. रोज तेच. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली, हिरवा चष्मा आला, पण चकलीला पोस्टापलीकडचं वर्धा काही दिसलं नाही.

ठाण्यात परत आल्यावर मी एक केलं. बागेत सकाळी नेमाने येणाऱ्यांना एकेकाला गाठून विचारलं. कागद नाही, सह्या नाहीत. हास्यक्लबच्या आजोबांनी सहाच्या आधी आणा, आमचं काही म्हणणं नाही, असं सांगितलं. योगासनांच्या बायकांनी अट घातली की चटयांच्या बाजूला फिरकायचं नाही. लहान मुलांच्या आया म्हणाल्या, संध्याकाळी अजिबात नको, आणि त्यांचं बरोबर आहे. माळी म्हणाला, पत्रा काढण्याचा अधिकार मला नाही, पण सहाच्या आत मी फाटकाशी नसतोच. आता आम्ही चार-पाच कुत्रेवाले पहाटे जातो, पिशव्या घेऊन, आणि सहाला बाहेर. त्या सुविचारवाल्या गृहस्थांनाही बोलावलं होतं. एवढ्या लवकर त्यांना जाग येत नाही.

एक काका मात्र नाही म्हणाले ते म्हणालेच. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते सोमवारी आणि गुरुवारी पहाटे येतात. त्या दोन दिवशी आम्ही तलावपाळीला जातो.