वफ्राचा टोमॅटो

फहाहील मागे टाकून सौदी सरहद्दीच्या दिशेने निघालं की तासाभरात वफ्रा येतं. वाटेत पाहण्यासारखं फारसं काही नाही. विजेचे मनोरे, थंडीच्या दिवसांत उभे राहिलेले तंबू, एखादा उंटांचा कळप. मग एकदम खजुराची झाडं, कुंपणं आणि पॉलीहाऊसच्या रांगा सुरू होतात. कुवेतमध्ये शेतीचे म्हणावेत असे दोनच मोठे पट्टे: उत्तरेला इराकच्या सीमेजवळ अब्दली आणि दक्षिणेला हे वफ्रा. आपल्यापैकी अनेक कुटुंबं हिवाळ्यातल्या एखाद्या शुक्रवारी मुलांना शेत दाखवायला इकडे येतात आणि परतताना डिकीत टोमॅटोची पेटी असते.

या पेटीवरून घरी हमखास वाद होतो, विशेषतः भारतातून आई-वडील आलेले असतील तर. "अगं, हे दाबले तर दबतायत. चार दिवस तरी टिकतील का? त्यापेक्षा जमियातले बघ कसे टणक असतात!"

टणक असतात हे खरं. पण टणकपणा दोन तऱ्हेचा असतो. एक कच्चेपणाचा. फळ लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणून रंग धरायच्या आतच तोडलं जातं आणि वाटेत लाल होतं. रंग येतो, चव मागे राहते. दुसरा टणकपणा वाणाचा. गर जाड, आतले कप्पे दोन-तीनच, बिया आणि बुळबुळीत रस कमी. असं फळ झाडावर पूर्ण पिकलं तरी घट्ट राहतं. सॉस-प्युरीच्या कारखान्यांना हवा असतो तो हा दुसरा.

याची गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राचे धक्के सोसेल आणि सगळं पीक एकदम पिकेल असा टोमॅटो तयार केला आणि कोबी लॉरेन्झन यांनी त्याच्यासाठी तोडणीचं यंत्र. १९६४ अखेर मेक्सिकोतून मजूर आणण्याची योजना बंद झाली आणि काही वर्षांतच तिथलं कारखान्याचं जवळजवळ सगळं पीक यंत्राने निघू लागलं. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'भाग्यश्री' हा वाण प्रक्रियेसाठीच नावाजला जातो: रंगद्रव्य भरपूर, बिया कमी. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात मात्र चलती असते ती ट्रकमध्ये दोन दिवस टिकणाऱ्या फळाची. तिथून माल दिल्लीपर्यंत जायचा असतो, ते बरोबरच आहे.

वफ्राच्या फळाला असा लांबचा प्रवासच नाही. सकाळी तोडलेला टोमॅटो त्याच दिवशी शहरात येऊ शकतो, म्हणून तो झाडावर पिकू देणं परवडतं. आणखी एक गंमत पाण्याची. इथल्या विहिरींचं पाणी मचूळ. खारट पाण्यावर टोमॅटोची फळं लहान राहतात, पण त्यांच्यात पाण्याचा अंश कमी आणि साखर-आंबटपणा जास्त असतो. त्याची किंमतही मोजावी लागते. उत्पन्न घटतं, आणि मुळांना कॅल्शियम नीट न मिळाल्याने फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो. एप्रिल संपता संपता उन्हाने आणखी एक होतं: तिशीच्या वर पारा राहिला की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळं केशरी-पिवळट राहतात. पुढे रात्रीही तापू लागल्या की फूल गळतं, फळ धरतच नाही.

म्हणजे सगळा माल येतो तो हिवाळ्यात आणि वसंतात, आणि एकदमच येतो. भाव पडला की इथल्या शेतमालकाचा चेहराही नारायणगावच्या शेतकऱ्यासारखाच होतो. मग कोणीतरी म्हणतंच, याची पेस्ट का करत नाहीत? उन्हाळाभर अख्खा देश मजबूससाठी, दक्कूससाठी पेस्टचे डबे उघडत असतो!

जरा हिशेब करू. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी. पेस्टच्या डब्यावर ब्रिक्स २८ असं लिहिलेलं दिसतं. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसात विरघळलेल्या घटकांची टक्केवारी. ताज्या फळात ती पाचाच्या आसपास असते. म्हणजे एक किलो पेस्टला साडेपाच-सहा किलो टोमॅटो लागतात आणि साडेचार लिटरच्या वर पाणी उडवून टाकावं लागतं. ज्या देशात पिण्याचं पाणी समुद्रातून गाळून काढतात, सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात, तिथे इतक्या मेहनतीने फळात भरलेलं पाणी पुन्हा जाळण खर्चून उडवायचं! पेस्ट बाहेरून आली की ते पाणी तिकडेच राहतं. मला तरी हा व्यवहार चुकीचा वाटत नाही. वफ्राचा टोमॅटो ताजाच खपला पाहिजे, आणि तो खपवणं आपल्यासारख्यांच्या हातात थोडं तरी आहे.

तेव्हा पेटी आणलीत तर घट्ट फळं कोशिंबिरीला काढा. ती फ्रिजमध्ये लगेच घालू नका. थंडीत फळ पिठूळ होतं आणि वास जातो. हिवाळ्यात ओट्यावर छान राहतात. मऊ झालेली साराला आणि प्युरीला. प्युरी करताना चिरून ठेवून फोनवर गप्पा मारत बसू नये. कापल्याबरोबर टोमॅटोतली विकरं पेक्टिन तोडायला लागतात आणि रस पातळ होतो. चिरल्या चिरल्या कडकडीत तापलेल्या पातेल्यात टाकला तर ती विकरं मरतात आणि दाटपणा टिकतो. कारखान्यातही दाट पेस्टसाठी असंच करतात. गार झाली की पिशव्यांत सपाट भरून फ्रीझरमध्ये. जूनमध्ये बाहेर पन्नास अंश असताना त्यातली एक पिशवी काढून सार करा, वर तुपाची जिऱ्याची फोडणी द्या, आणि आईला फोनवर सांगा की टोमॅटो टिकले.