नळदुर्गच्या माळावर

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. इथे येणारा प्रत्येक जण किल्ल्यातल्या पाणी महालाकडे धावतो. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल काढला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली हे काम झाले. मी गेले तेव्हा मे महिना होता. नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोरडे पडले होते. किल्ला लवकर आटोपला, कारण मला पाहायच्या होत्या खालाच्या मुलाच्या शेळ्या.

तो पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत अकरा वर्षे होता. पगार चांगला, फ्लॅट भाड्याचा, रात्रीच्या मीटिंगा रोजच्या. तीन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन तो वडिलोपार्जित मुरमाड माळावर आला. त्या जमिनीत बाभूळ आणि बोरीशिवाय फारसे काही येत नाही, पण शेळीला नेमके तेच आवडते.

शेड पत्र्याची, साधी. आत काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे मात्र उस्मानाबादीच राहिले आहे. ही जात इथल्या उन्हात आणि दुष्काळात घडलेली. पाच महिन्यांत विते, जुळी पिले बहुधा होतात, सांभाळ नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. एवढे ऐकले की ऐकणारा लगेच बोटांवर हिशेब मांडू लागतो. मोबाइलवरचे शेळीपालनाचे व्हिडिओही तिथपर्यंतच सांगतात.

पुढचे मला भावजयीने सांगितले. पहिल्या वर्षी बाजारातून आणलेल्या शेळ्या थेट कळपात सोडल्या. नवीन जनावर तीन आठवडे वेगळे बांधायचे असते, हे त्याला माहीत होते; पण दुसरा गोठा तयार नव्हता. पावसाळा लागताच पीपीआर आला. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. नऊ दिवसांत चौदा पिले गेली. "आपा, हे रात्री खड्डे खणायचे आणि सकाळी मुलांना सांगायचे, दूर चरायला गेलीत," ती म्हणाली. आता लसीचा तक्ता भिंतीवर आहे. पीपीआरची लस पिलू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी.

लसीपेक्षाही जास्त उपयोग शेजारच्या वस्तीवरल्या धनगर मावशींचा झाला. शेळी कान कसा टाकते, रवंथ कधी थांबवते, यावरून त्या दुखणे ओळखतात. आपल्या समाजात शेळीचा व्यापार करणारे पुष्कळ, कापणारे पुष्कळ, खाणारे तर सगळेच. पाळणारे मात्र बहुतेक धनगर, छोटे शेतकरी आणि एकट्या बाया. माझ्या भावाने खिशातली डिग्री बाजूला ठेवून त्या मावशींपुढे मांडी घातली, याचे मला कौतुक वाटते.

भावजयीने संमती दिली ती अटींवर. दोन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला काढायचा. मुलींची शाळा सुटणार नाही. व्याजाचे कर्ज नाही. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, पण त्यासाठी किमान १०० शेळ्यांचे युनिट हवे. उरलेले भांडवल बँकेकडून घ्यावे लागले असते. ते नको म्हणून त्यांनी पीएफचे पैसे आणि विकलेली गाडी यांवर २० शेळ्या आणि एक बोकड घेतला. चौथी अट, हिशेबाची वही तिच्याकडे. ती वही मी पाहिली. पुण्याच्या पगाराच्या निम्मीही कमाई अजून नाही, आणि तिने ते लपवलेले नाही.

वहीतले एक पान मला फार आवडले. कुर्बानीचा बोकड निदान एक वर्षाचा हवा. म्हणून ईदच्या सतरा-अठरा महिने आधी शेळी फळायला हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तसे हे वेळापत्रकही सरकते. भावजयीने पुढच्या चार वर्षांचे महिने इस्लामी आणि इंग्रजी असे शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत. मी वर्गात चांद्रवर्ष शिकवते, पण इतके स्वच्छ उदाहरण मला सुचले नव्हते.

आता खालाबद्दल. सोलापुरात ती दर शुक्रवारी बायकांना हदीस सांगते. सर्व पैगंबरांनी शेळ्या-मेंढ्या राखल्या, प्रेषितांनी (स.) मक्केत मोबदल्यावर लोकांचे कळप चारले, हे सारे तिला पाठ. हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनमधल्या वर्षांचे वर्णन करताना तिचे डोळे भरून येतात. पण स्वतःच्या मुलाच्या हातात काठी आली तेव्हा ती दोन महिने त्याच्याशी नीट बोलली नाही. "इंजिनिअर केला आणि बकऱ्यांमागे गेला," हे ती मोहल्ल्यात कुणी विचारण्याआधीच सांगून टाकायची. तिला दोष देणे सोपे आहे. त्याच्या फीसाठी तिने बांगड्या मोडल्या, शिवणयंत्रावर रात्री काढल्या. तिला त्या रात्रींचे काय झाले ते विचारायचे होते, आणि तिने ते असे विचारले.

माळावर ती अजून गेलेली नाही. मी निघाले तेव्हा भावजयीने उकळून गार केलेले शेळीचे दूध बाटलीत भरून दिले, ओले फडके गुंडाळून. सोलापुरात पोहोचल्यावर खालाने बाटली उघडून वास घेतला, गाळले, चहा टाकला. कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "ही शेळी कितव्या वेताची?"

मला माहीत नव्हते. तिने फोन मागितला.